हा गुलाब सरांचा नव्हे

३ नोव्हेंबर

वन्सं,

पत्राच्या वर नमस्कार घालायची सवय आहे, पण घातला नाही. मनातून आज तो निघत नाहीये.

गुलाबप्रेमी मंडळाचं त्रैमासिक काल आलं. तुमचा लेख पहिल्याच पानावर. 'माझे आवडते गुलाब आणि त्यांचे जनक'. चष्म्याच्या दुकानातून नुकतीच आले होते, चपलाही काढल्या नव्हत्या, उभ्या उभ्या वाचून काढला. घर सोडून गेल्यापासून मला दोन ओळी लिहायला तुम्हाला सवड झाली नाही. मंडळासाठी मात्र सहा पानं लिहून झाली.

आधी बारीकसारीक सांगून टाकते. आपल्या ताठ मानेच्या पिवळ्या 'कलेक्टरणी'बद्दल तुम्ही लिहिलंय की ती कुंडीत रुळत नाही आणि उन्हात तिच्या पाकळ्या करपतात. माझ्या गच्चीवर ती छातीएवढी झालीय. तुमच्याकडे करपते, कारण तुम्ही भर दुपारी तिच्या डोक्यावर पाणी ओतता. पूर्वीही हजारदा सांगून झालंय. त्या डोंगरावरच्या म्हाताऱ्यांच्या गुलाबांचं कौतुक तर तुमच्या लेखणीत मावेना. त्या गृहस्थांच्या एकाही गुलाबाची मान सरळ राहत नाही. फूल उमललं की जमिनीकडे बघत बसतं, जणू खाली काही सांडलंय. वकीलसाहेबांच्या तांबड्या गुलाबाबद्दल तेवढं बरोबर लिहिलंत. कीड कमी, वास भरपूर, आणि काटे वकिलाला शोभतील असे.

एवढं मी गिळलं असतं. पण शेवटचा परिच्छेद गिळवत नाही.

"या सर्वांत मला प्रिय आहे तो आमच्या गच्चीवर जन्मलेला तांबूस गुलाब. माझे दिवंगत बंधू, विद्यार्थ्यांचे लाडके सर, यांनी अत्यंत हळुवार हातांनी हा संकर घडवून आणला."

हळुवार हातांनी. वन्सं, ह्यांनी जन्मात कधी झारी उचललेली तुम्ही पाहिली होतीत? हे गच्चीवर यायचे ते टाकीतलं पाणी बघायला. कुंडी वाटेत आली तर पायानं बाजूला सारायचे. शाळेत लाडके असतील, मी नाही म्हणत नाही. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. पण गुलाबाचा आणि त्यांचा काय संबंध?

हा संकर मी केला आणि तुम्ही शेजारी उभ्या होतात. चष्म्याची नाकपट्टी बसवायचा बारीक चिमटा मी दुकानातून आणला होता. कलेक्टरणीची कळी उमलायच्या आत तिच्या पाकळ्या मी सोलल्या, पुंकेसर एकेक करून उपटले, मग तुम्ही तिच्यावर कागदाची पिशवी बांधलीत. दुसऱ्या दिवशी वकिलांच्या तांबड्याचे पराग मी कुंचल्यानं लावले. फळ पिकल्यावर बिया ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवल्या, तेव्हा ह्यांनी एकदाच विचारलं होतं, "हा चिखल लोण्याशेजारी कशाला?" त्या गुलाबात त्यांचा हातभार म्हणायचा तर तो एवढाच.

पुढे रोपांचा ट्रे वाऱ्यानं खाली पडला, त्यातलं एकच रोप वाचलं, आणि ते तुम्हीच खालून वर आणून दिलंत. निदान हे तरी आठवत असेल.

आता ऐका तुमच्या लेखाचा प्रताप. गेल्या वर्षी मी नर्सरीवाल्यांना ह्या गुलाबाचे डोळे कलमासाठी दिले होते. कुणी केला ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता त्यांना तुमच्या लेखातून कळलं, आज सकाळीच त्यांचा फोन आला. फेब्रुवारीच्या प्रदर्शनात ते हा गुलाब लोकांपुढे आणणार आहेत. नावही ठरलंय. 'सरस्मृती'.

मंडळाला दुरुस्तीचं पत्र पाठवा. दोन ओळी पुरतील. चूक झाली, हा गुलाब माझ्या भावजयीचा.

तुमची भावजय

१७ नोव्हेंबर

वन्सं,

कार्ड मिळालं. "गेलेल्या माणसाला एक फूल दिलं, तर तुझं काय जातं?" एवढंच. खाली सहीसुद्धा नाही.

माझं काय जातं ते ऐका.

परवा नर्सरीवाले घरी आले. लेकही आली होती. गृहस्थ सज्जन आहेत, नखांत माती होती, म्हणून मला जरा बरं वाटलं. गच्चीवर गेले, झाडापुढे उकिडवे बसले, पान उलटं करून बघितलं, फुलात नाक घातलं आणि म्हणाले, "आतून तांब्यासारखा आणि पाकळीच्या पाठीला साय. असा रंग मला वीस वर्षांत साधला नाही. सरांना साष्टांग नमस्कार."

मी म्हटलं, "चहा घेता ना?"



खाली आल्यावर त्यांनी विचारलं, "सरांची अवजारं बघायला मिळतील? स्टेजवर मांडावीत असा विचार आहे."

"कसली अवजारं?" मी म्हटलं.

"चिमटा, कुंचला. जे काही ते वापरत असतील ते."

मी उठायच्या आत लेक उठली. माझ्या शिवणाच्या खणातून तिनं तो चिमटा काढून आणला. "हा असणार बाबांचा," म्हणाली. वन्सं, त्या चिमट्यावर आमच्या दुकानाचा शिक्का आहे. नर्सरीवाल्यांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. माझ्या डोळ्यांदेखत.

तुम्ही म्हणाल, मग तोंड का नाही उघडलंस? उघडणार होते. पण लेक म्हणाली, "आई, बाबांना फुलं आवडायची हे त्यांनी मला कधी कळू दिलं नाही." तिचे डोळे भरले होते. बाप गेल्यावर चार वर्षांनी तिला तो नव्यानं सापडला होता. घरी नेहमी गप्प, मार्कांपलीकडे कधी काही न विचारलेला बाप. त्या क्षणी मी काय सांगायला हवं होतं, ते तुम्हीच सांगा. तुम्ही लेखिका आहात.

तर माझं जातं ते हे. गुलाब गेला, चिमटा गेला, आणि मान डोलवायला मलाच बसवलंत.

दुरुस्ती अजून पाठवली नसेल तर पाठवा.

तुमची भावजय

५ डिसेंबर

वन्सं,

तुमचं उत्तर नाही. मंडळाच्या अध्यक्षांचा मात्र फोन आला. सरांचा मोठा फोटो हवाय, बॅनरवर घालायला.

लेक भाषण लिहितेय. काल तिनं फोनवर वाचून दाखवलं. "माझ्या वडिलांच्या हातांना जीव जपायची कला होती." गॅसवर दूध आहे म्हणून मी फोन ठेवला. दूध नव्हतं. आज दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याला मी उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे बसवली. बिचारा दारातल्या पायरीवर धडपडला. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं.

म्हणून आता लिहिते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या आईलासुद्धा नाही.

त्या दिवशी वारा नव्हता, वन्सं.

संध्याकाळची वेळ होती. रोपांना दुसरं पान फुटलं होतं आणि मी गच्चीवर बसून त्यांच्यातलं तण काढत होते. हे शाळेतून आले. किल्ली विसरले होते. घंटा वाजवत राहिले, मला ऐकू आली नाही. शेवटी शेजारच्यांकडची आमच्या मजल्याच्या दाराची जादा किल्ली घेऊन ते आत आले आणि थेट वर आले. ओरडले नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे, ते कधीच ओरडायचे नाहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवली, माझ्या पुढ्यातला ट्रे दोन्ही हातांनी उचलला, कठड्याशी गेले आणि सोडून दिला. अगदी निगुतीनं, टेबलावर वह्या ठेवाव्यात तसा.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता ऐकू येईल."

आणि हात धुवायला खाली गेले.

त्यांचं सगळं असंच होतं. अंगाला बोट लावलं नाही कधी. माझी माहेरून आलेली पत्रं वाचून झाल्यावर पुन्हा चिकटवून ठेवायचे, नीट, कडेला कडा जुळवून. भाजीत मीठ कमी असलं तर बोलायचे नाहीत, ताट माझ्यापुढे सरकवायचे आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहायचे. दुसऱ्या दिवशी शाळेतली पोरं घरी यायची, सर सर करत, आणि हे त्यांना दुर्बिणीतून चंद्र दाखवायचे. कुणाला सांगणार होते मी? आणि सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं?

तर ज्या हातांनी तो ट्रे खाली सोडला, त्या हातांना तुम्ही हळुवार म्हणालात. तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून मी तुमच्यावर किती रागवावं याचा विचार करतेय. आता माहीत झालंय. आता लिहा मंडळाला.

तुमची भावजय

२२ डिसेंबर

वन्सं,

तुमचं पत्र दोन दिवस टेबलावर पडून आहे. येता जाता वाचते आणि प्रत्येक वेळी अंगाचा तिळपापड होतो.

"मला माहीत होतं," असं तुम्ही लिहिता. सहज. दूध आणलंय, असं लिहावं तसं.

तुम्ही खालच्या खोलीत खिडकीशी उभ्या होतात. वर बघितलंत तेव्हा कठड्यावर तुम्हाला तुमच्या भावाचे हात दिसले, शर्टाच्या बाह्या दिसल्या. ट्रे तुमच्या पुढ्यात, खिडकीबाहेरच्या फरशीवर फुटला. "आता ऐकू येईल" हेसुद्धा तुम्ही ऐकलंत. मग तुम्ही मातीतून ते एक रोप उचललंत, पाण्याच्या ग्लासात रोवलंत आणि जिना चढून वर आलात.

मी ह्यांना वाढत होते. तुम्ही दारात उभ्या. "काय वारा सुटलाय आज, ट्रे पडला," असं मी म्हटलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, ह्यांच्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, "हो ना. फार वारा." बाहेर पान हलत नव्हतं.

मला वाटलं होतं, निदान एका माणसाला मी फसवू शकले. तेवढ्यावर माझी अब्रू मी सांभाळून होते. आणि तुम्हाला सगळं दिसत होतं.

तुम्ही लिहिता, "तू वारा म्हणालीस. मला वाटलं, तुला तो चांगलाच राहायला हवाय. तुझ्या तोंडून तू सांगशील म्हणून मी थांबले." कुठवर थांबलात, वन्सं? तो माणूस म्हातारा होऊन मरेपर्यंत? मी सांगायची वाट बघत होतात, तर तुम्ही मला विचारायला तुमच्या वाटेत काय आडवं आलं होतं? एक जिना होता मध्ये.

आणि तुम्ही घर का सोडलंत तेही आत्ता कळतंय. शोकसभेत लोक त्यांचे गोडवे गात होते आणि मी मान डोलवत होते, ते तुम्हाला बघवलं नाही म्हणे. मी मान डोलवत होते हे खरं. तुम्ही काय करत होतात? तुम्ही माइकवर होतात.

तुम्ही गेल्यावर मी किती दिवस आठवत बसले होते, आपण वन्संना काय टोचून बोललो, कुठे चुकलो. तुमच्या खोलीतली झाडं मी काढली नाहीत, तुम्ही परत याल म्हणून. आणि तुम्ही तिकडे बसून ठरवलं होतंत की मीच खोटारडी.

लेखाचं कारणही तुम्ही दिलंय. "मी त्याची थोरली बहीण आहे. त्याच्या हातून आयुष्यात एक तरी नाजूक गोष्ट झाली, असं कुठेतरी छापून यावं, असं वाटलं." हे वाचून क्षणभर माझा राग बसला होता. खोटं कशाला सांगू. पण मग वाटलं, तुम्हाला द्यायचंच होतं तर स्वतःचं काही द्यायचंत. तुम्ही लावलेला तो पांढऱ्या गुलाबाचा वेल द्यायचात. माझ्या गच्चीवरचं उचलून दिलंत, तेही त्याला, ज्यानं ते खाली टाकलं.

मी मंडळाला लिहिणार नाही. लेकीलाही मी सांगणार नाही. तुम्ही छापलंत, तुम्हीच पुसा. आणि जमत नसेल तर यापुढे मला पत्र लिहू नका.

भावजय

२४ फेब्रुवारी

वन्सं,

प्रदर्शनात बोलून झाल्यावर तुम्ही बाजूच्या दारानं निघून गेलात, ते थेट बस पकडून घरी. मी मागे धावले होते. साडीत पाय अडकला नसता तर गाठलं असतं आणि भर रस्त्यात भांडले असते. तुमच्यामागे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते.

दीड महिना तुमचं पत्र नाही म्हणजे तुम्ही येणार नाही, असं मी धरून चालले होते. हॉलमध्ये बॅनर बघितला. ह्यांचा फोटो, खाली 'सरस्मृती', टेबलावर झाकलेली कुंडी, आणि शेजारी बशीत माझा चिमटा. अध्यक्षांनी "सरांच्या भगिनी" म्हणून हाक दिली तेव्हा तुम्ही शेवटच्या रांगेतून उठलात. आणि माझ्या मनात आलं, पुन्हा माइक.

तुम्ही काय बोललात ते तुम्हाला धड आठवत असेल असं वाटत नाही, म्हणून लिहिते.

"माझ्या लेखात मी खोटं लिहिलं," तुम्ही म्हणालात. "चूक नव्हे, खोटं. हा गुलाब माझ्या भावजयीनं केला. मी फक्त पिशवी बांधली."

अध्यक्ष हसत पुढे आले. "म्हणजे सरांच्या मार्गदर्शनाखाली, असं म्हणायचंय का ताईंना?"

"नाही."

"पण सरांचा काहीतरी सहभाग असेलच ना?"

"तो त्या घरात राहायचा," तुम्ही म्हणालात, आणि माइक खाली ठेवलात.

तुम्ही गेल्यावर कुणाला काय करावं कळेना. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनीही वाजवल्या, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं. मी दारातून परत आले तर नर्सरीवाले माझ्यासमोर उभे. त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. माफीबिफी मागितली नाही. त्यांनी विचारलं, "कळी सोलली तेव्हा किती मिटलेली होती? रंग दिसायला लागला होता की नव्हता?"

वन्सं, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मी सांगत सुटले. रंगाची चीर दिसली की त्याच सकाळी सोलायची, उशीर झाला तर ती स्वतःच्याच परागांनी फळते. पराग कागदावर सावलीत वाळवायचे. कलेक्टरणीला आई करायची, बाप नाही, कारण तिचं फळ टिकतं. आजूबाजूला बायका-पुरुष जमले. एक बाई म्हणाल्या, त्यांच्याकडे फक्त स्वयंपाकघराची खिडकी आहे, तिथे हे जमेल का? एकानं डोंगरावरच्या म्हाताऱ्यांची बाजू घेतली, त्याच्याशी मी चांगलं कडाक्याचं भांडले. इतकं बोलायची सवय नव्हती, घसा बसला. बॅनर कुणी उतरवला ते मला कळलंही नाही. नर्सरीवाले नाव विचारत होते. घाई नाही, असं मी म्हटलं. तोवर ते नुसत्या क्रमांकानं कलमं बांधतील.

एवढं चांगलं झालं. आता दुसरं.

लेकीचं भाषण तिच्या हातातच राहिलं. ती माझ्यासाठी न थांबता निघून गेली. फोन केला तर एवढंच म्हणाली, "आत्यानं शंभर लोकांना सांगितलं. तू मला एकटीलाही नाही." पुढे कितीतरी दिवस तिनं फोन उचलला नाही. त्या दिवसांत मी तुमच्या नावानं काय काय बोलले ते कलेक्टरणीला विचारा. खरं बोलायचं तर आधी तिला सांगायचं, मग माइकवर. एवढा पोच नको?

रविवारी ती आली. स्वयंपाकघरात बसली, पर्स मांडीवरच. म्हणाली, "बाबा त्या घरात राहायचे, म्हणजे काय ते मला नीट सांग."

मी ट्रेचं सांगितलं. ती म्हणाली, "अजून?" मी पत्रांचं सांगितलं, ताटाचं सांगितलं. ती "अजून?" म्हणत राहिली. चहा दोनदा केला, दोन्हीदा निवला. मध्येच ती रडली, मध्येच माझ्यावर चिडली. "मला वाटायचं, ते माझ्याशी बोलत नाहीत ते मीच कमी पडते म्हणून. तू एकदा तरी सांगायचंस."  मी तुमच्यावर जेवढी चिडले, त्यातलं निम्मं तिनं माझ्या पदरात घातलं, आणि ते मला घ्यावं लागलं.

निघताना दारात थांबून तिनं विचारलं, "ते पहिल्यापासून असेच होते का?"

मला माहीत नाही, वन्सं. माझ्या वाट्याला ते तयार होऊन आले. लहानपणी कसे होते, कुणी त्यांना काय केलं, की कुणी काहीच केलं नव्हतं, हे ह्या जगात आता फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

पुढच्या रविवारी ती पुन्हा येतेय. तुम्हीही या. माझा राग गेला असं मुळीच समजू नका. तो आहे, आणि तुम्ही समोर आलात की मी दोन शब्द सुनावणारच आहे. पण पोरीनं विचारलंय आणि उत्तर तुमच्याकडे आहे. आठवेल ते सगळं सांगा. वाईट असेल तर वाईट, आणि एखादी चांगली गोष्ट खरंच असेल, तर तीही सांगा. मलाही ऐकायची आहे.

खालची खोली झाडून ठेवतेय.

तुमची भावजय